शेठ आणि सहा पाठी

ठेंगणीच्या पोटात करडू आहे हे थोरलीला कळलं, तेव्हा त्या करडाचे पाय बाहेर आले होते.

भर दुपारची वेळ. थोरली गोठ्याच्या टोकाला पेंडीची पोती रचत होती आणि पाठींच्या कप्प्यातून ओरडणं ऐकू आलं. एकदाही न व्यायलेल्या, नुकत्या कुठे वाढीला लागलेल्या सहा पाठी त्या कप्प्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. शेळ्या काय, ओरडतातच. भुकेचं ओरडणं वेगळं, सोबतीण दिसेनाशी झाली की वेगळं. हे त्यातलं नव्हतं. हे पोटाच्या तळातून येत होतं. थोरलीने हातातलं पोतं तिथेच टाकलं आणि ती धावली.

ठेंगणी भिंतीला पाठ लावून आडवी पडली होती. मान ताणलेली, जीभ बाहेर. बाकीच्या पाच जणी कोपऱ्यात एकमेकींवर चढून तिच्याकडे बघत होत्या. तिच्या शेपटीखालून दोन पिवळसर खुरं बाहेर आली होती आणि खुरांच्या वर, जिथे करडाचं नाक दिसायला हवं, तिथे काहीच नव्हतं.

"अगं बाई, हे कुठून आलं?" थोरली मोठ्याने म्हणाली.

ठेंगणीला बोकड दाखवलाच नव्हता. अंगात वजन भरल्याशिवाय पाठ बोकडाला द्यायची नाही, हा त्या गोठ्यातला वडिलांच्या काळापासूनचा नियम. घाई केली की आईची वाढ खुंटते, दूध बसतं, आणि कंबर अरुंद असली की जीवच जातो. थोरली महिनाभर कौतुकाने सांगत होती, ठेंगणीने बाळसं धरलंय, चारा अंगी लागलाय. तो अंगी लागलेला चारा आता खुरं दाखवत होता.

तिने बाह्या सरसावल्या, हात कोपरापर्यंत धुतला, तेल चोळलं आणि आत घातला. जन्मभर शेळ्या सोडवल्या होत्या तिने, पण इथे बोटंसुद्धा जेमतेम जात होती. करडाची मान मागे वळली होती. डोकं आईच्या बरगड्यांकडे तोंड करून अडकलं होतं. थोरलीने दोन बोटांनी जबडा धरायचा प्रयत्न केला. कळ आली की ठेंगणीची हाडं तिच्या मनगटावर चापासारखी बसायची.

"धाकटे!" ती ओरडली. "दाक्तरीणबाईंना फोन लाव! आत्ताच्या आत्ता!"

धाकटी, म्हणजे तिची बहीण, दूधघरातून हात पुसत आली, कप्प्यात डोकावली आणि पांढरीफटक पडली. काही न विचारता ती फोनकडे वळली. थोरलीला नंतर आठवलं, की धाकटीने "हे कसं झालं" असं विचारलं नव्हतं.

दाक्तरीणबाई आल्या तेव्हा करडू मेलं होतं. किडकिडीत बाई, केस टोपीत कोंबलेले, बोलणं तोलून. त्यांनी हात घालून पाहिलं आणि मान हलवली. "पोट फाडून काढायला उशीर झालाय, ही भूल सोसणार नाही. आतल्या आत कापून काढू. धरा घट्ट."

त्यांनी पिळाची बारीक तार आत सरकवली आणि करडाच्या मानेभोवती घेतली. थोरलीने ठेंगणीचं डोकं मांडीत दाबून धरलं. धाकटीने मागचे पाय धरले. तार पुढे-मागे सरकायला लागली तसा ओल्या लाकडावर करवत चालावी तसा आवाज आला. आधी धड आलं. मग डोकं, डोळे उघडे. आणि त्याच्यामागून रक्त आलं. आधी धार, मग लोंढा. तो दाक्तरीणबाईंच्या बुटांवरून गव्हाणीखाली वाहत गेला. ठेंगणीने एकदा पाय ताणले आणि ती सैल पडली.

"गर्भाशय आधीच फाटलं होतं," दाक्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले. "हिला फळवायची घाई कुणी केली?"

"कुणीही नाही," थोरली म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता आणि तो खाली आला की घरातली माणसं दाराकडे सरकत. गावातले लोक तिला मागून फौजदार म्हणायचे. तिच्या हातचा मार खाल्ला नाही असा गडी त्या गोठ्यात टिकला नव्हता. चारा उशिरा टाकला म्हणून एकाच्या पाठीत तिने दांडकं घातलं होतं. दुधात पाणी घालणाऱ्याला दुधाच्याच हौदात बुडवून काढलं होतं. शेवटी गडी ठेवणंच तिने सोडून दिलं. ती, बहीण आणि बहिणीचा नवरा, एवढ्यांत सगळं चालायचं.

बहिणीचा नवरा म्हणजे घरचा जावई. लग्न करून तोच इकडे राहायला आला होता. दूध दुकानांत पोचवायचं, गाडी धुवायची, हिशेब दोघी बहिणींना द्यायचा आणि हुकूम थोरलीचा ऐकायचा. गरीब स्वभावाचा, हळू बोलणारा. तो तेवढ्यात गाडी लावून आत आला, रक्त बघून थबकला.

"जावईबापू," थोरली म्हणाली, "बोकडाच्या आणि पाठींच्या कप्प्यामधलं दार कुणी उघडं टाकलं होतं?"

जावयाने बायकोकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"मीच," तो म्हणाला. "तुमची मावशी वारली आणि तुम्ही तिकडे गेला होतात, तेव्हा. सकाळी बघतो तर आपला शेठ बोकड ह्यांच्यात उभा. लगेच बाहेर काढला. मला वाटलं काही झालं नसेल."

"एकदाच?"

जावयाने गाडीची किल्ली खिशात टाकली.

"मी विचारते आहे, एकदाच?"

"दोनदा. तुमचा पाय मुरगळून तुम्ही झोपून होतात, तेव्हा पण. तेव्हा त्यानेच शिंगाने कडी वाकवली. रात्रभर आत होता. मी तारेने बांधली कडी, पण..."

पायाशी पडलेलं लोखंडी घमेलं थोरलीने उचललं आणि भिरकावलं. ते त्याच्या भुवईवर काठाने बसलं. तो मटकन खाली बसला, तसा तिने त्याला गळपट्टीला धरून उठवला आणि ठेंगणीच्या अंगावर लोटला. "बघ! नीट बघ! तोंडाला काय कुलूप घातलं होतंस?" तिने त्याच्या कुशीत लाथ घातली. धाकटी मध्ये पडली, तर तिला एका हाताने असं ढकललं की ती गव्हाणीवर आपटली.

"बास!" दाक्तरीणबाई ओरडल्या. त्यांच्या हातात अजून ती तार होती. "बाई, अजून एक प्रेत हवंय का ह्या कप्प्यात?"

थोरली थांबली. धापा टाकत उभी राहिली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते आणि आता त्यात माणसाचं रक्तही मिसळलं होतं.

दाक्तरीणबाईंनी जावयाला बादलीवर बसवलं आणि भुवईला टाके घातले. "मी जनावरांची दाक्तर आहे, हे लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "शिवण जाडी येईल."

"चालेल," जावई म्हणाला. "कान टोचू नका म्हणजे झालं."

टाका ओढताना दाक्तरीणबाई थोरलीकडे न बघता बोलल्या, "पहिल्यांदा झालं त्याच आठवड्यात मला कळवलं असतं, तर गाभ पाडायच्या एका सुईत मिटलं असतं. आता ह्या पाच जणींचं बघायला हवं. उद्या सोनोग्राफीचं मशीन घेऊन येते. तोवर शेठला लांब ठेवा."

थोरलीने त्या संध्याकाळी एकेका पाठीला भिंतीशी उभं केलं. पोटाखाली दोन्ही हातांची झोळी करून हळूच वर उचललं, सोडलं, आत काही हातावर येऊन आपटतं का पाहिलं. कास चाचपली. पाचांपैकी एकीचं पोट चांगलं टम्म होतं. ही नक्की गाभण, तिने मनाशी धरलं. बाकीच्यांचं तिला सांगता येईना. दोन महिन्यांचा गाभ हाताला फसवतो. ठेंगणीने तर पूर्ण दिवसांचा फसवला होता.

धाकटी आणि जावई त्या रात्री वरच्या खोलीतून खाली जेवायला आले नाहीत.

शेठ हा त्या गोठ्याचा बोकड. वजनाने माणसाएवढा, कपाळावर पांढरा टिळा, मागे वळलेली शिंगं मनगटाएवढी जाड. त्याच्या आईने त्याला जन्म देऊन मान टाकली होती, म्हणून थोरलीने त्याला बाटलीवर वाढवला. लेकरू नसलेल्या बाईने जेवढे लाड करावेत तेवढे केले. स्वयंपाकघराच्या दारात तो झोपायचा. ती त्याच्या कपाळाला तळहात लावून ढकलायची आणि तो डोकं लावून उलटा रेटायचा, हा त्यांचा खेळ. करडू होता तोवर सगळे हसायचे. पण जो बोकड माणसाच्या हातावर वाढतो, त्याला माणसाचं भय राहत नाही. माजाचे दिवस आले की शेठ स्वतःच्या दाढीवर मुतायचा, वरचा ओठ उलटा करून हवा हुंगायचा आणि कुणीही कप्प्याजवळून गेलं की दाराला धडका द्यायचा. जावई एकदा म्हणाला होता, "ताई, ह्याची शिंगं लहानपणीच जाळायला हवी होती." थोरलीने उत्तर दिलं होतं, "जावईबापू, तुम्ही दूध वाटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली यंत्रावर शेळ्या पिळत होती. जावई कुणाला न सांगता लोखंडी पट्टी, बोल्ट आणि गिरमिट घेऊन त्या दाराकडे गेला. एक डोळा सुजून बंद झालेला. दार पाठींच्या बाजूने पक्कं करता आलं नाही, कारण कडी बोकडाच्या बाजूला होती. म्हणून त्याने शेठपुढे पेंडीची पाटी ठेवली आणि तो आत शिरला.

पहिला आवाज धाकटीने ऐकला. दार पडल्यासारखा धाड आवाज आणि पाठोपाठ नवऱ्याची किंकाळी. ती दूधघरातून धावली तेव्हा जावई भिंत आणि दगडी हौद यांच्या सांदीत पडला होता आणि शेठ मागे सरत होता. मागे सरायचा, पुढचे पाय उचलायचा आणि सगळं वजन शिंगांवर टाकून खाली यायचा. दर धडकेला जावयाच्या अंगातून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज येत होता. तिसऱ्या धडकेनंतर तो ओरडेनासा झाला.

"ताई! ताई गं! मारलं त्यांना!"

थोरली आली. ती कुंपणावरून उडी टाकून आत गेली. "शेठ!" तिने नेहमीच्या लाडाच्या सुरात हाक मारली. "शेठ, ये बाळा. इकडे ये."

बोकडाने मान वळवली. कपाळावरचे केस रक्ताने चिकटले होते, त्याच्या स्वतःच्या नव्हे. तो तिच्याकडे चालत आला आणि डोकं तिच्या तळहाताला लावून रेटू लागला. करडू असल्यासारखा. थोरलीने दोन्ही हातांनी त्याचं कपाळ धरलं. पाय रोवून ती हळूहळू त्याला दुसऱ्या कोपऱ्याकडे ओढून नेऊ लागली.

"आत ये," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "त्यांना ओढ बाहेर. पळू नकोस, हळू."

धाकटी आत आली. तिने नवऱ्याला काखेत धरलं आणि ओढलं, तसा तो कण्हला. त्या कण्हण्यासरशी शेठने डोकं झटकलं. थोरली तोंडावर पडली. बोकड वळला आणि धाकटीच्या मांडीवर धडकला, तिला उडवून दिलं, आणि पुन्हा त्या पडलेल्या माणसासमोर मागच्या पायांवर उभा राहिला.

गव्हाणीशी पहार टेकवलेली होती. दगड उकरायची, जड, एका टोकाला चपटी. थोरलीने ती उचलली.

पहिला घाव शिंगावर बसला. शिंग मुळापासून तुटून लोंबकळलं आणि त्यातून रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. शेठने तिच्याकडे पाहिलं. पळाला नाही, अंगावरही आला नाही. त्याला बहुतेक कळलंच नाही की हे तिने केलं. दुसरा घाव तिने शिंगांच्या मागे, मान जिथे डोक्याला मिळते तिथे घातला. तो पुढच्या गुडघ्यांवर बसला. तिसऱ्या घावाला कवटी फुटली. तरी मागचे पाय जमीन उकरत राहिले, घशातून घरघर येत राहिली. गवताच्या पेंढ्यांच्या दोऱ्या कापायचा सुरा तिच्या कमरेला होता. ती त्याच्या मानेवर गुडघा टेकून बसली, दाढी मुठीत धरून डोकं मागे खेचलं आणि गळा चिरला. गरम रक्त तिच्या मांड्यांवरून वाहिलं. पाय थांबेपर्यंत तिने दाढी सोडली नाही.

मग ती उठली, सुरा टाकला आणि जावयाजवळ बसली. त्याच्या तोंडातून लाल फेस येत होता.

"श्वास घे," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. श्वास घे रे."

दवाखान्यात त्याला आत नेलं. बरगड्या मोडल्या होत्या, एक फुफ्फुसात घुसली होती, कमरेचं हाड तडकलं होतं. जगेल, पण बोलायला वेळ लागेल, असं एका तरुण डॉक्टरने सांगितलं. त्याने थोरलीच्या कपड्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कुठे लागलंय?"

"मला नाही लागलं," ती म्हणाली. "हे दुसऱ्याचं आहे."

दोघी बहिणी बाकावर बसल्या. धाकटी मांडी धरून वाकली होती. येणारी-जाणारी माणसं त्यांच्यापासून लांबून जात होती. मग थोरली म्हणाली, "मी त्याला वाचवायला गेले होते. एवढं तरी लक्षात ठेव."

धाकटीने मान वर केली.

"पहिल्यांदा कडी मी विसरले होते, ताई."

"काय?"

"मावशी वारली तेव्हा. ते नव्हते, मी होते. शेठला पाणी ठेवलं आणि दार नुसतं लोटलं. सकाळी त्यांना सांगितलं, तर म्हणाले गप्प बस, ताईंना कळलं तर तुझी खैर नाही. काल पण मी तोंड उघडणार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि 'मीच' म्हणाले. आज ते कडी बसवायला गेले, ते पण माझ्याच चुकीपायी."

थोरली तिच्याकडे वळली. "मला सांगायला काय झालं होतं तुला? मी काय खाऊन टाकलं असतं?"

धाकटी उठली आणि तिने थोरलीच्या तोंडात मारली. उघड्या हाताने, जीव खाऊन. आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला होता तिने.

"हे बघ, असं लागतं!" ती ओरडली. "घमेलं मारलंस तू त्यांना. मेलेल्या शेळीवर लोटलंस. तुला सांगायची हिंमत कुणाची होती? बाबांची तरी होती का शेवटी? एक सुई टोचून मिटलं असतं म्हणे. ती सुई मागायला तुझ्यापुढे उभं कोण राहणार?"

दुसरं कुणी असतं तर थोरलीने मनगट पिरगाळलं असतं. ती नुसती बसून राहिली. गालावर बहिणीची बोटं उठली होती आणि त्यांखाली बोकडाचं वाळलेलं रक्त भेगाळलं होतं.

थोरली गोठ्यावर परतली तेव्हा दाक्तरीणबाई मशीन घेऊन गोठ्यात थांबल्या होत्या. शेठवर कुणीतरी ताडपत्री टाकली होती. माशा घोंगावत होत्या. दाक्तरीणबाई म्हणाल्या, "उद्या येऊ का?"

"नको. आत्ताच बघा."

थोरलीने एकेक पाठ आणून उभी केली. मागच्या पायाच्या सांध्यापुढे, जिथे केस नसतात, तिथे दाक्तरीणबाईंनी थंड चिकट औषध लावलं आणि मशीनचा दांडा टेकवला. छोट्या पडद्यावर काळा-पांढरा धुरळा हलू लागला.

"ही रिकामी. सोडा."

दुसरीच्या पडद्यावर काळ्या डोहात एक पांढरा ठिपका फडफडत होता. "काळीज बघा. एकच आहे. आणि ही बटणं दिसतात का, गोल गोल? तिथे वार चिकटलेली असते. पक्की गाभण." तिसरीच्या पोटात दोन काळजं होती.

चौथी म्हणजे ती टम्म पोटाची. पडदा भरून काळंभोर दिसलं. दाक्तरीणबाईंनी दांडा इकडे फिरवला, तिकडे फिरवला. ना ठिपका, ना बटणं, ना हाडं.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी. शरीराला वाटतं गाभ आहे, पोट वाढतं, कास भरते, आणि आत काहीच नसतं. सुई दिली की धो धो वाहून जाईल."

"मी हिच्यावर पैज लावली असती."

"हाताने पाहिलं तर मीही लावली असती."

पाचवीच्या पोटात एक करडू होतं. दाक्तरीणबाईंनी छातीभोवती फीत लावून सगळ्यांच्या वजनाचा अंदाज घेतला. एका काळजाची आणि दोन काळजांची, दोघी वयाच्या मानाने चांगल्या भरल्या होत्या; नीट खाऊ घातलं तर निभावतील. पण ही पाचवी ठेंगणीची सख्खी बहीण. तसाच बांधा, तशीच चिंचोळी कंबर.

"हिचा गाभ ठेवू नये," दाक्तरीणबाई म्हणाल्या. "पण निर्णय तुमचा. शेठ गेलाय, हे मला दिसतंय. त्याचं आता ह्या तिघींच्या पोटातलंच उरलं."

थोरलीने त्या पाठीच्या अंगावर हात ठेवला. पडद्यावर ते काळीज फडफडत होतं, इतकं लहान, की डोळा लवला तर निसटावं. तिला आतून हाव सुटली. कदाचित नर असेल. कदाचित तसाच कपाळावर पांढरा टिळा असेल. पोट फाडूनही काढता येतं, वेळेवर कळलं तर. लक्ष ठेवता येईल. ती मागचा महिनाभर ठेंगणीवरही लक्षच ठेवत होती.

"द्या सुई," ती म्हणाली. "हिला पण आणि त्या पाण्यावालीला पण."

सुया टोचून होईतो तिने दोघींना धरून ठेवलं. दोन दिवसांनी एकीच्या खालून बादलीभर पाणी गेलं आणि ती हलकी होऊन चरायला लागली. दुसरीने गाभ टाकला. उंदराएवढा, गुलाबी, पाय घडी केलेले. थोरलीने तो फावड्याने उचलून शेठला जिथे पुरलं होतं तिथेच पुरला. नर होता की मादी, ते तिने पाहिलं नाही.

जावई दवाखान्यातून सुटला, पण घरी आला नाही. धाकटीने दोन गल्ल्या पलीकडे एक खोली घेतली. ती रोज सकाळी दूधघरात यायची, काम करायची, जेवणाच्या वेळी निघून जायची. कामापुरतं बोलायची. थोरलीने एकदा म्हणून पाहिलं, "वरची खोली तशीच ठेवली आहे मी." धाकटी चाळणी धूत राहिली. "राहू दे," एवढंच म्हणाली.

थोरली त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेली तेव्हा जावई खिडकीशी खुर्चीत बसला होता. भुवईवर जाडी शिवण, बाजूला काठी. त्याने उठायचा प्रयत्न केला.

"बसा," ती म्हणाली. दारात उभ्याउभ्याच ती बोलली, "कडी तुम्ही उघडी टाकली नव्हती."

"नाही."

"मग मार का खाल्लात?"

"तिने खाल्ला असता तर मला तुम्हाला मारावं लागलं असतं," जावई म्हणाला. "मला मारता येत नाही, ताई. जमलंच नसतं. हसं झालं असतं."

थोरली खाली बसली. जमिनीवर, उंबऱ्याला टेकून. तिचे खांदे हलायला लागले. ती हसते आहे की रडते आहे हे त्याला कळेना, म्हणून त्याने पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. "मी गोठ्यात पुन्हा यायचा नाही," तो म्हणाला. "राग नाही. पण बोकडाचा वास आला की छाती बंद होते. आणि खरं सांगायचं तर तुमचा आवाज आला तरी होते."

"बरं," ती म्हणाली. पाणी प्यायली आणि निघाली.

उरलेल्या दोन गाभण पाठी दिवस भरल्यावर एकाच आठवड्यात व्याल्या. दोन काळजांची सुटली ती भर सकाळी, सुरळीत. दोन्ही माद्या, पंधरा मिनिटांत उभ्या राहून कास शोधायला लागल्या. दुसरीचं अडलं. करडू मोठं होतं, नर. खुरं दिसली आणि थोरली मागे सरली. यावेळी मात्र करडाचं नाक खुरांवर टेकलेलं होतं. तरी ती हात घालायला धजेना.

"सरक," धाकटी म्हणाली. तिने तेल चोळलं, कळ येईपर्यंत वाट पाहिली आणि कळेबरोबर खाली ओढलं. पाठ गुरासारखी हंबरली. पुन्हा एक कळ. डोकं आलं, खांदे अडकले, धाकटीच्या कपाळावरची शीर फुगली, आणि मग एकदम सगळं घसरून दोघींच्या मांडीवर आलं. निळं पडलं होतं. थोरलीने त्याला मागच्या पायांनी धरून हवेत झुलवलं, नाक पुसलं, बरगड्यांवर चापट मारली, पुन्हा झुलवलं. ते हललं नाही.

"अजून," धाकटी म्हणाली.

तिने अजून झुलवलं. शेवटी धाकटीनेच तिच्या हातून ते काढून घेतलं आणि पोत्यावर ठेवलं.

पाठ वाचली होती. ती मान वळवून करडू शोधत होती. थोरलीने तिच्या तोंडासमोर कोमट पाण्याची बादली धरली, तशी ती अधाशासारखी प्यायली. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, हात कोपरापर्यंत भरलेले.

"चीक काढायला हवा," थोरली म्हणाली. "कास ताणलीय तिची."

"काढते मी. तू जरा टेक."

थोरली टेकली. धाकटीने भांडं घेतलं, पाठीच्या कुशीला कपाळ लावलं आणि सड हातात घेतले.

"ताई," ती वर न बघता म्हणाली, "त्या जुळ्यांतलं एक बाहेर निसटलंय. दार मीच नीट लावलं नाही."

"बरं," थोरली म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून त्याला आणायला उठली.